उलटे हातमोजे

१

एकाच शर्यतीत दोन चालक गेले आणि सोमवारी सकाळी दोघेही डॉक्टरबाईंच्या शवागारात शेजारीशेजारी पडले होते. जिवंतपणी ते असे शेजारी कधी थांबले नसते. पहिल्याला सगळे ‘चिरंजीव’ म्हणत, कारण ज्या संघाची गाडी तो पळवायचा, तो संघ त्याच्या आईच्या मालकीचा होता. दुसरा ‘मुंगळा’. पुढच्या गाडीला एकदा चिकटला की सुटायचा नाही म्हणून.

पोलिसांनी सोबत पाठवलेली हकिगत सरळ होती. शर्यत सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना चिरंजीव सिमेंटच्या भिंतीवर आदळला. ट्रॅकच्या डॉक्टरांना नाडी लागली. छाती दाबत दाबत त्याला रुग्णवाहिकेतून नेलं, पण इस्पितळात प्राण गेला. शर्यत थांबवून पुन्हा सुरू केली होती. ती संपत आलेली असताना मुंगळ्याची गाडी टायरच्या भिंतीखाली घुसली. मान मोडून जागीच मृत्यू. पोलीस येईपर्यंत गाडीला कोणी हात लावला नाही, कायद्यात आहे तसं.

दुपारपर्यंत बाईंचं काम आटोपलं. त्यांनी हात धुतले, स्टुलावर बसल्या आणि मदतनिसाला म्हणाल्या, “टॅग बदललेत.”

मदतनिसाच्या ते जिव्हारी लागलं. “बाई, काहीही बोला, पण हे नका बोलू. चिरंजीवांना त्यांच्या आईने ओळखलं. मुंगळ्याच्या बहिणीने त्याच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवला. चुकेन कसा?”

बाईंनी उठून दोन्ही टॅग पाहिले, डागही पाहिला. तो बरोबर बोलत होता.

“मग बदललं काय?” त्याने फुरंगटून विचारलं.

“मरण,” बाई म्हणाल्या. “यांची मरणं बदललीत.”

२

चिरंजीवाची कवटी तळाशी सगळीकडून तडकली होती आणि मेंदूचा देठच तुटला होता. अशा माणसाची नाडी कुणालाही लागत नाही. भिंतीवर आदळला त्याच क्षणी सगळं संपलं होतं. छाती दाबताना फासळ्या मोडल्या होत्या, पण मोडलेल्या जागी रक्त उतरलेलंच नव्हतं. ज्याला ट्रॅकवरून ‘जिवंत’ म्हणून हलवलं, तो तेव्हा मेलेला होता.

मुंगळ्याची मान मात्र ठणठणीत होती. मोठी जखम कुठेच नव्हती. छातीवर स्टिअरिंगचा गोल वळ होता, त्याच्या वर गळा नि चेहरा जांभळा पडलेला आणि डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके. छाती दाबली गेलेली आणि श्वास घ्यायला जागा नाही, असा माणूस जातो तेव्हा हे दिसतं. आणि तो झटकन जात नाही.

“त्याच्या वस्तू आणा बरं,” बाई म्हणाल्या.

हेल्मेट, बूट, हातमोजे. हातमोजे कुठेही फाटलेले नव्हते, पण दोन्ही उलटे होते. आतली बाजू बाहेर.

“हे इथे काढले?”

“नाही. गाडीत पायापाशी पडले होते म्हणे. पोलिसांनी तिथूनच उचलले. इथे आला तो उघड्या हातांनीच.”

बाईंनी मुंगळ्याची बोटं पुन्हा एकदा पाहिली. तीन नखं मुळापासून उचकटली होती. नखांखाली सीटच्या पट्ट्याच्या जाड कापडाचे निळे धागे होते. जाड हातमोज्यांत कळ सापडेना, म्हणून त्याने ते ओढून काढले होते. मग उघड्या बोटांनी, छातीत रुतलेली पट्ट्याची कळ उघडायचा प्रयत्न केला होता.

आजूबाजूला माणसं होती. रुग्णवाहिका होती. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस हातमोजे काढतो आणि तरी तो ‘जागीच मेला’ असं कोण म्हणतं?

संशयास्पद मृत्यूत जागा बघायचा आणि साक्षीदारांशी बोलायचा अधिकार कायद्याने बाईंना होता. वर्षानुवर्षं तो वापरला नव्हता. त्यांनी अंगातला झगा काढून खुंटीला लावला आणि चप्पल बदलली.

३

शर्यतप्रमुख काचेच्या उंच खोलीत बसायचा. तिथून सगळा ट्रॅक खेळण्यासारखा दिसे. एकेकाळी तो स्वतः गाड्या पळवायचा. एक पाय किंचित ओढत चालायचा आणि माणसं जिंकून घ्यायची त्याला सवय होती. त्याने बाईंसाठी स्वतः खुर्ची पुसली.

“दोन पोरं गेली हो माझी,” तो म्हणाला आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला.

“चिरंजीवाला हलवलं तेव्हा तो जिवंत होता?”

“डॉक्टर म्हणाले, नाडी आहे. मी कोण त्यावर बोलणारा?”

“आणि मेला आहे असं म्हणाले असते तर?”

“तर कायदाच आहे. गाडी तिथेच सील, ट्रॅक सील, पोलीस, पंचनामा. त्या दिवशी पुन्हा चाक फिरलं नसतं.” त्याने खाली पाहिलं. “पण ते तसं म्हणाले नाहीत.”

“डॉक्टर रुग्णवाहिकेतून गेले. मग शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा ट्रॅकवर डॉक्टर कोण होतं?”

“डॉक्टरच होते. परत आले होते ना. डॉक्टर जागेवर बसल्याशिवाय मी हिरवा झेंडा दाखवूच शकत नाही. निरीक्षक दुर्बीण लावून बसलेले असतात. वैद्यकीय गाडीत डॉक्टर दिसले, मगच दाखवला. हवं तर कुणालाही विचारा.”

बाईंनी खरंच कुणालाही विचारलं. एक निरीक्षक, पेट्रोलपाशी उभा असणारा एक माणूस, वळणावरचा एक छायाचित्रकार. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. डॉक्टर गाडीत बसलेले होते. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘डॉक्टर’ लिहिलेला जाड सूट, डोक्याला हेल्मेट.

मग बाईंनी इस्पितळात फोन लावला. तातडीच्या विभागातली परिचारिका घाईत होती, पण स्पष्ट बोलली.

“ट्रॅकचे डॉक्टर? ते कुठे गेले परत? दुसऱ्या अपघाताची बातमी आली तेव्हाही इथेच बसले होते. चिरंजीवाच्या आईचा हात धरून.”

४

झेंडेवाली एका शाळेत भूगोल शिकवायची आणि सुटीच्या दिवशी हौसेने ट्रॅकवर झेंडे दाखवायला यायची. मुंगळा घुसला तो कोपरा तिचाच. बाई भेटायला गेल्या तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. रिकाम्या वर्गात ती फळा पुसत होती आणि पुसलेलाच भाग पुन्हा पुसत होती.

“आम्ही धावत पोचलो,” ती म्हणाली. “गाडी अर्धी टायरांखाली होती. ओढायला जीप आली, दोरही लावला. पण आम्हाला शिकवलेलं असतं, डॉक्टर सांगेपर्यंत चालकाला हलवायचं नाही. मणक्याला इजा झाली असेल तर आपणच त्याला पांगळा करू. म्हणून थांबलो. तेवढ्यात वैद्यकीय गाडी आली.”

“डॉक्टर उतरले?”

“हो, लगेच. खिडकीतून वाकून पाहिलं. मी विचारलं, ओढू का? त्यांनी मान हलवली.” तिने मान डावीकडून उजवीकडे हलवून दाखवली. “मग आम्ही समजलो.”

“काय समजलात?”

“गेला म्हणून. दोर सोडला. मेलेल्या माणसाची जागा हलवायची नसते, पोलीस येईपर्यंत. लोकांना दिसू नये म्हणून गाडीभोवती चादरी धरल्या. एक टोक मी धरलं होतं.”

“नाडी पाहिली त्यांनी?”

ती आठवू लागली. “नाही. हातात चामड्याचे मोजे होते. ते काढलेच नाहीत. हेल्मेटही नाही काढलं. आणि सूटच्या बाह्या दुमडलेल्या होत्या, मोठा होत असल्यासारख्या. तेव्हा काही वाटलं नाही मला. डॉक्टर आहेत म्हटल्यावर आपण कशाला...” ती थांबली. डस्टर टेबलावर ठेवलं.

“बाई, एक विचारू? इंजिन बंद झाल्यावर वाजतं का हो?”

“म्हणजे?”

“चादरीमागून टकटक येत होती. पत्र्यावर बोट मारल्यासारखी. थांबायची, परत यायची. मी शर्यतप्रमुखांना रेडिओवर सांगितलं. ते म्हणाले, गरम इंजिन थंड होताना वाजतं, लक्ष देऊ नका.” तिने डस्टर पुन्हा उचललं. “वाजतं ना?”



५

ट्रॅकचा डॉक्टर घरीच होता. दाढी वाढलेली, दिवाणखान्याचे पडदे ओढलेले. त्याची बायको पाणी ठेवून आत गेली आणि दार लावून घेतलं.

“तुम्ही भूल देणारे डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “जिवंत आणि मेलेला यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. चिरंजीवाची नाडी लागली होती?”

हातांकडे बघत तो बोलू लागला.

“हेल्मेटला हात लावला आणि कळलं. वळून बघतो तर त्याची आई कठड्यावरून उडी मारून पळत आलेली. माझ्या दंडाला धरून म्हणाली, डॉक्टर, थांबू नका हं. तेवढ्यात कानात रेडिओ. शर्यतप्रमुख विचारत होता, आहे की नाही? नीट विचार करून सांगा, नसेल तर इथेच सगळं संपलं. मी म्हणालो, आहे.” त्याने वर पाहिलं. “ते मी प्रमुखासाठी म्हणालो नाही. तिच्यासाठी म्हणालो. पण खरं सांगू का, आता मलाच धड सांगता येत नाही.”

“सूट कुठे काढला?”

“तिथेच. त्या जाड सूटमध्ये छाती दाबणं म्हणजे गुदमरायला होतं. रस्त्यावर टाकला आणि आतल्या बनियनवर रुग्णवाहिकेत चढलो. मला वाटलं, मी परत येईपर्यंत शर्यत थांबेल. नियमच आहे तसा.”

“तुम्ही नसताना ती सुरू झाली. आणि तुमचा सूट तुमच्याशिवाय दुसऱ्या अपघातापाशी पोचला.”

सूटचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला सांगितलं होतं, मुंगळ्याची मान मोडली, तुम्ही असता तरी काही उपयोग नव्हता. संध्याकाळी इस्पितळातून परतल्यावर त्याने त्याच भरवशावर मृत्यूच्या दाखल्यावर सही केली होती. चादर वर करून पाहिलंही नव्हतं.

“मी मेलेल्याजवळ बसून होतो,” तो म्हणाला. “आणि जिवंत होता तो...”

“तुमचा सूट घातलेला माणूस तुमच्यापेक्षा बराच बुटका होता,” बाई उठत म्हणाल्या, “आणि चामड्याचे मोजे घालणारा. तुमच्या ट्रॅकवर असा कोण आहे?”

डॉक्टरने डोळे मिटले. “वैद्यकीय गाडी चालवतो तो. उस्ताद.”

६

उस्ताद म्हणजे जुना चालक. उतारवयात वैद्यकीय गाडी चालवायचा, डॉक्टरला अपघातापाशी नेऊन सोडायचा, एवढंच काम. तो गॅरेजमध्ये एका पालथ्या डब्यावर बसला होता. बाईंना पाहून उठला आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच म्हणाला, “आलात. बरं झालं.”

“सूट कुणी घालायला सांगितला?”

“प्रमुखांनी. म्हणाले, उस्ताद, नुसतं बसून राहायचं, निरीक्षकांना डॉक्टर दिसले पाहिजेत. डॉक्टर येतातच आहेत मागून. मी नाही म्हणालो नाही. आम्ही दोघं एका काळी एकत्र पळालोय हो. त्यांच्या शब्दाबाहेर नाही कधी गेलो.”

“आणि मुंगळा घुसल्यावर?”

“लाल झेंडा पडला की वैद्यकीय गाडी निघते. पाय आपोआप दाबला जातो. पोचलो, उतरलो, वाकून पाहिलं. पोराची मान कलंडलेली, चेहरा काळानिळा. आहे का नाही, मला काय कळणार? सगळे माझ्याकडे बघत होते. ती झेंडेवाली म्हणाली, ओढू का? मी मान हलवली.”

“गेला म्हणून?”

उस्तादाने बाईंकडे असं पाहिलं, की त्यांना आपण विचारलेलं परत घ्यावंसं वाटलं.

“नाही हो! मला माहीत नाही म्हणून. मला नका विचारू म्हणून. मी डॉक्टर नाही, एवढंच सांगायचं होतं मला. आणि त्यांनी दोर सोडला. चादरी आणल्या. मला कळेचना काय चाललंय. कळलं तेव्हा वाटलं, एवढी माणसं म्हणतायत तर गेलाच असेल. त्यांना वाटलं, डॉक्टर म्हणतायत तर गेलाच असेल.”

गॅरेजबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला.

“हेल्मेट काढून सांगायचंत,” बाई म्हणाल्या.

“तोंड होतं की मला,” उस्ताद म्हणाला. “तोंड होतं, आणि मी मान हलवली.”

सगळं जुळलं होतं. पहिला मेलेला असताना त्याला जिवंत ठरवलं, म्हणून कायदा ट्रॅकवर आलाच नाही. दुसरा जिवंत असताना त्याला मेलेला ठरवलं, आणि मग मात्र सगळ्यांनी कायदा अगदी काटेकोर पाळला. गाडी हातभर मागे ओढली असती तरी त्याला श्वास मिळाला असता. दोर लावलेला होता.

७

न्यायाधीशांपुढे चौकशी झाली तेव्हा बाईंनी हे सगळं क्रमाने मांडलं. फासळ्या, डोळ्यांतले ठिपके, निळे धागे, दुमडलेल्या बाह्या. कोणी त्यांना खोडून काढलं नाही. खोडायची गरजच पडली नाही.

डॉक्टरच्या वकिलाने विचारलं, आणीबाणीत एका डॉक्टरला नाडी लागल्यासारखी वाटली, हा गुन्हा आहे का? चिरंजीवाची आई साक्षीला आली आणि एवढंच म्हणाली, त्यांनी माझ्या मुलासाठी जीव तोडून प्रयत्न केले. तिला याहून वेगळं ऐकायचंच नव्हतं, आणि डॉक्टरने, स्वतःच्या घरी बाईंपुढे सगळं ओकलेल्या त्या माणसाने, शपथेवर सांगितलं, “नाडी होती असं मला वाटलं.” बोलताना तो बाईंकडे बघत नव्हता.

शर्यतप्रमुख म्हणाला, सूटमधला माणूस डॉक्टर नाही हे मला ठाऊक नव्हतं. रेडिओवरचं बोलणं कुठे साठवलं जात नव्हतं. टकटकीचं विचारल्यावर त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, त्या ताईंना धीर द्यायला बोललो असेन, आठवत नाही.

मग उस्ताद उभा राहिला. त्याने न्यायाधीशांना नमस्कार केला आणि सांगितलं, सूट मी माझ्या मनाने घातला, कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर बाईंनी त्याला जिन्यात गाठलं. “का?”

“त्यांच्यामागे शंभर माणसांचं पोट आहे, माझ्यामागे कोणी नाही,” तो म्हणाला. “आणि मान मीच हलवली ना, बाई.”

निकाल आला. दोन्ही मृत्यू अपघाती. डॉक्टर असल्याचं भासवल्याबद्दल उस्तादाला कैद. ट्रॅकला ताकीद. मुंगळ्याच्या दाखल्यावरचा ‘जागीच’ हा शब्द बदलावा, अशी बाईंनी मागणी केली होती. न्यायालय म्हणालं, निष्कर्षावर त्याने फरक पडत नाही, तेव्हा दाखला आहे तसाच राहील.

त्याच आठवड्यात मुंगळ्याची बहीण शवागारात आली. त्याच्याहून बरीच मोठी, शिवणकाम करणारी, बोटांना सुयांचे टोचे. न्यायालयात ती आली नव्हती. अहवाल वाचून दाखवा, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि कायद्याने तो तिचा हक्क होता. बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ऐकायचंय? ती म्हणाली, वाचा.

बाईंनी वाचला. हातमोज्यांचा भाग आला, तरी त्या पुढे वाचत गेल्या. झेंडेवालीने ऐकलेली टकटक अहवालात नव्हती. बहिणीने विचारलं, “अजून काही?” तेव्हा बाईंनी तीही सांगितली. आता एक गोष्ट लपवली तर बाकीचं सगळं खोटं ठरेल, असं त्यांना वाटलं.

बहीण रडली नाही. पदराच्या टोकाने बाईंच्या टेबलावरची नसलेली धूळ पुसत राहिली.

“घरी आई आहे,” ती शेवटी म्हणाली. “तिला दिसत नाही फारसं. रोज मला विचारते, त्याला काही कळलं नसेल ना गं? मी म्हणते, नाही आई, एका क्षणात सगळं झालं. डॉक्टरांनी लिहून दिलंय. मग ती दोन घास खाते. आता तिला काय सांगू?”

इतके दिवस खोट्याच्या मागे लागून बाईंनी ते एकेक करून सोलून काढलं होतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

“तेच सांगा,” त्या म्हणाल्या. “एका क्षणात सगळं झालं.”

बहिणीने मान डोलावली. पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि तिथेच, कडीवर हात ठेवून थांबली.

“आणि मला?” तिने विचारलं. “मला तसं कोण सांगणार?”